येसबा राजा बघायला गेला

एका गावात एक भोळा होता. येसबा त्याचं नाव. भोळा म्हणजे किती? ‘दाराकडं लक्ष ठेवा’ म्हणून बायको शेजारी गेली, तर हा दाराकडं बघत बसला आणि खिडकीतून मांजर आत येऊन सगळं दूध पिऊन गेलं. हा म्हणाला, “दारातून कुणी आलं नाही बघ.”

बायको गोजरा मात्र चलाख. तिला लहानपणापासून एकच ध्यास. इजिप्त देशात मेलेला राजा पट्ट्या गुंडाळून ठेवलाय म्हणे, तो एकदा डोळ्यांनी बघायचा. आणि नशीब बघा, साडीच्या दुकानातल्या सोडतीत तिला जोडप्यानं इजिप्तची सहल लागली! आता जोडप्यानं म्हटल्यावर येसबाला न्यावंच लागलं.

पोचले. सहलीचा म्होरक्या अंतूशेठ. त्यानं सगळ्यांना पिरॅमिडपाशी नेलं. येसबानं मान वर केली, वर केली, टोपीच पडली.

“गोजरे, एवढं मोठं घर! मालक कुठाय?”

गोजरा घाईत होती. म्हणाली, “आत असेल. गप बघा.”

नवीन घर बघायला गेलं की काय करायचं, हे येसबाला पक्कं ठाऊक. भोकातून आत शिरला. आत दगडाची रिकामी पेटी. तिच्यावर गावाहून आणलेला नारळ फोडला आणि ओरडला, “वास्तुशांत झकास झाली हो! जेवणाच्या पंगती कुठं बसवल्या?”

रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढला.

गोजरानं कपाळावर हात मारला. “अहो, ही राजाची समाधी. तो मेलाय. अशा ठिकाणी गळ्यात पडून रडायचं. ‘लई वाईट झालं, आता सावरा’ म्हणायचं.”

“आधी सांगायचंस की,” येसबा म्हणाला.

पुढं गेले तर वाळूत एक नवरानवरी फोटो काढून घेत होते. नवरी पांढऱ्या झग्यात. पांढरं नेसलेली बाई बघून येसबाला भरून आलं. धावत जाऊन नवऱ्यामुलाच्या बापाच्या गळ्यात पडला.

“लई वाईट झालं हो! आता सावरा! पोरीचं वय तरी काय!”

बोली कुणाला कळेना, पण रडणं कळलं. आधी नवरी रडली, मग तिची आई, मग फोटोवाला. नवऱ्यामुलानं येसबाला ढकलून दिलं.

“अहो, लग्न आहे ते!” गोजरा म्हणाली. “जोडी दिसली की अक्षता टाकायच्या. हसायचं. ‘जोडा शोभतो, लवकर पाळणा हलू दे’ म्हणायचं.”

“आधी सांगायचंस की.”

समोरून दोन पोलीस आले. एकाच उंटावर, मागंपुढं बसून. दोघांना ह्या एवढाल्या मिशा. येसबा खूश. गोजराच्या पिशवीत खिचडीचे तांदूळ होते, त्यातले ओंजळभर घेतले आणि उधळले.

“जोडा शोभतो! लवकर पाळणा हलू दे!”

तांदूळ गेले उंटाच्या नाकात. उंट असा शिंकला, असा शिंकला, की एक पोलीस पुढं पडला आणि एक मागं.

अंतूशेठ लाल झाला. “वहिनी, आणखी एक गोंधळ झाला तर तुम्ही दोघं बसमध्ये बसायचं. राजाबिजा काही नाही!”

एवढ्या लांब येऊन राजा हुकला तर? गोजरानं येसबाला बाजूला घेतलं. “अहो, पोलीस दिसला की कान पकडायचे. ‘मीच केलं साहेब, परत नाही करणार’ म्हणायचं. म्हणजे सोडतात.”

“आधी सांगायचंस की.”

मग आला तो सिंहाच्या अंगाचा न् माणसाच्या तोंडाचा दगडी देव. अंतूशेठ सांगायला लागला, “बघा मंडळी, याचं नाक तुटलंय. कुणी तोडलं, कुणालाच नक्की ठाऊक नाही.”

शेजारी दोन पोलीस उभे होते. येसबानं कान पकडले.

“मीच केलं साहेब! परत नाही करणार!”

तिथला गाईड आपल्या मंडळींबरोबर फिरून फिरून मराठी शिकलेला. त्यानं पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. पोलीस धावले, येसबा पळाला आणि दगडांवरून गडगडत खाली आला. डोक्यापासून पायापर्यंत नुसतं खरचटलं. अंतूशेठनं कसंबसं पोलिसांना समजावलं, “साहेब, ते नाक तुटलं तेव्हा याचा पणजोबासुद्धा नव्हता हो!”

गोजरानं येसबाचं जुनं धोतर फाडलं, अंगभर हळद लावली आणि पट्ट्या बांधल्या. नुसते डोळे, नाक न् तोंड उघडं. बाकी सगळा पिवळा.

संग्रहालयात पोचल्यावर अंतूशेठ म्हणाला, “वहिनी, तुम्ही चला. हे ध्यान राजाच्या खोलीत नको.”

गोजरानं नवऱ्याला सांगितलं, “इथं गारव्याला कुठंतरी आडवे व्हा. डोळे मिटायचे. बोलायचं नाही. कुणी काही केलं तरी हलायचं नाही. मी ‘उठा’ म्हणेपर्यंत उठायचं नाही.”

“या वेळी आधी सांगितलंस बघ,” येसबा म्हणाला.

ती रांगेत उभी राहिली. येसबानं आडवं व्हायला जागा शोधली. एक रंगीत लाकडी पेटी, माणसाएवढी, झाकण काढून ठेवलेली. अगदी मापाची. शिरला आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं एक बाई पेटीपाशी आली आणि किंचाळली. लोक धावले. “इकडं आहे! इकडं आहे!” रांग मोडली. गर्दीच्या रेट्यात गोजराही तिथंच आली. रेट्यात चष्मा पडला, तरी अंतूशेठ पुढं झाला.

“हाच तो राजा, मंडळी! हजारो वर्षं झाली, पण चेहरा बघा कसा ताजा!”

“पोट जरा सुटलंय,” कुणीतरी म्हणालं.

“राजाच तो. खाल्लं असेल पोटभर.”

येसबाच्या नाकावर माशी बसली. हलला नाही. एका म्हातारीनं टाचणी टोचून बघितली. हलला नाही.

गर्दीत गोजराला धड काही दिसेना. नुसतं पिवळं पाऊल दिसलं. तेवढ्यावरच तिचे डोळे भरले. तिनं पायावर डोकं ठेवलं.

“धन्य झाले, महाराज! केवढे शांत तुम्ही! नाहीतर आमचं ध्यान, एक शब्द ऐकेल तर शपथ. तुमचं तोंड तेवढं बघू द्या. एकदा उठा, महाराज, उठा!”

येसबा ताडकन उठून बसला.

अंतूशेठ जागीच कोसळला. बाकीचे चपला टाकून पळाले. रखवालदार पळाले. दाराला कुलूप ठोकून बाहेर जाऊन उभे राहिले. आत शुद्धीवर उरली दोघंच. गोजराचं तोंड उघडं ते उघडंच.

येसबानं नाकावरची माशी हाकलली आणि विचारलं, “झाला का बघून? मला पण सांग की गोजरे, कसा होता राजा?”