पहिलं पान कुणाचं?

एका राज्यात एक हंडा होता. राज्याचं नाव विचारू नका, हंड्याचं ऐका. हंडा सोन्याचा, आत मुगाची खिचडी, खिचडीत मेथी, वर तुपाची धार. चूल नाही, लाकूड नाही, रोज दुपारी आपसूक भरे. एक पळी पोटात गेली की पांढराफटक माणूस लाल होई आणि तापाने निजलेला उठून बसे. गोरगरिबांसाठीच घडवला होता तो. आणि रोज एकटा राजाच तो फस्त करी!

हौसेने नव्हे हो, शापाने. सात वर्षांपूर्वी कर्कटनाथ नावाचा जादूगार राजा दुंदुभिसेनाकडे जेवायला आला. त्याला बसवलं पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर. राजापासून वाढत वाढत वाढपी तिथवर पोचले, तर हंडा खडखडीत! जादूगाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राजा, पहिल्या पानाचं पोट कधी भरणार नाही, आणि शेवटच्या पानावर कधी शीत पडणार नाही!" प्रधानाने पाय धरले, तेव्हा कुठे उःशाप मिळाला. "राजा सर्वांच्या शेवटी जेवेल, त्या दिवशी शाप सुटेल."

सोपं होतं की नाही? दुसऱ्याच दिवशी प्रधानाने राजाचा पाट उचलून शेवटच्या टोकाला नेला. आणि वाढपी वाढायला लागले कुठून? त्याच टोकाकडून! राजाच्या आधी दुसऱ्याला वाढायचं, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. मग पाट मध्यभागी ठेवून झाला, खांबामागे ठेवून झाला. वाढप आपलं राजापासूनच. पंगत रोज बसे, रोज उपाशी उठे. राजा "भूक, भूक" करत फुगत गेला आणि वेशीबाहेरची माणसं वाळत गेली.

वेशीबाहेरच्या अशाच एका वाडीवर येसाक्का सुईण राहायची. जीभ तिखट, हात मऊ. तिच्या शेजारची तानू आठव्या महिन्याची पोटुशी. अंगात रक्त नाही, पायांवर सूज, चार पावलं टाकली की घेरी. मागल्या साली अशीच एक बाळंतीण येसाक्काच्या हातात गेली होती. ते तिच्या जिवाला फार लागलं होतं.

"हिला मी जाऊ द्यायची नाही," असं म्हणून तिने तानूला बैलगाडीत घातलं आणि राजवाडा गाठला.

वाड्यापुढे तीनशे पायऱ्यांचा जिना होता. पायथ्याशी म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या अशी सगळी दुबळी माणसं तिष्ठत बसलेली. जिना बोलला, "आजाऱ्याने स्वतः चढून यावं. असा नियम आहे."

"आणि चढता आलं तर?"

"मग तो आजारी नाही. परत जावं."

येसाक्काने कपाळावर हात मारला. पण जिन्याचा कण्हता सूर तिने बरोबर ओळखला. "गुडघे धरलेत ना रे तुझे?"

पायऱ्या तीनशे, तर गुडघेही तीनशे. येसाक्काने पदर खोचला, एरंडेलाची बुधली काढली आणि एकेक चोळायला घेतला. दोनशेव्या गुडघ्याला जिन्याला बरं वाटू लागलं. तीनशेव्याला तो "आई गं" म्हणत पाय पसरून सपाट झाला. तानू आत चालत गेली आणि तिच्यामागून सगळी माणसंही गेली.

पुढच्या दाराशी धनेश पक्षी बसला होता. चोचीत सोन्याची किल्ली, म्हणून नाकात बोलायचा. "भुकेचा दाखला दाखवावा."

"हिचं तोंड बघ की."

"तोंड चालत नाही. सात अधिकाऱ्यांची मोहोर चालते."

"बरं. तुझी घरधनीण कुठे असते?"

"झाडाच्या ढोलीत. अंड्यांवर बसली आहे. ढोलीचं दार लिंपलेलं असतं, मी फटीतून भरवतो. दिवसातून वीस वेळा."

"आणि दर वेळी तिच्याकडे दाखला मागतोस?"

"छे!" म्हणायला धनेशाने चोच उघडली, आणि किल्ली खणकन खाली पडली. ती उचलून द्यायची की नाही, ह्याचा त्याने क्षणभर विचार केला. मग स्वतःच दार उघडलं आणि मान खाली घालून बाजूला झाला.

भोजनशाळेत हजार पानं मांडलेली. राजा पार पलीकडच्या टोकाला. तानू अलीकडच्या टोकाला कशीबशी टेकली, बाकीचे मिळेल त्या पानावर बसले. वाढपी हंडा घेऊन राजाकडे निघाले, तोच येसाक्काने हंड्याचा कान धरला आणि पळी हिसकावून घेतली. "वाढप इथून!"

"महाराजांच्या आधी?" प्रधान किंचाळला.

राजा उठून उभा राहिला. "बाई, मी सात वर्षं उपाशी आहे." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. येसाक्काला त्याची दया आली, पण पळी काही तिने सोडली नाही.

"महाराज, पहिलटकरणीला सांगते तेच सांगते. कळ आली तरी दम धरायचा."

"किती वेळ?"

"हजार पानं."

जिना आणि दार, ही पहिली दोन कामं येसाक्काने केली. तिसरं, दम धरायचं, राजालाच करायचं होतं.

पहिली पळी तानूच्या पानावर पडली. शंभराव्या पानाला राजाने पागोट्याचा शेमला चावला. पाचशेव्या पानाला खांबाला मिठी मारली. सातशेव्याला त्याचा हात हळूच शेजारच्या पानाकडे सरकला. "हात मागे!" येसाक्का कडाडली, आणि पृथ्वीपतीने मुकाट्याने हात मागे घेतला.

नऊशे नव्याण्णवावं पान प्रधानाचं. सवयीने तो बोलून गेला, "आधी महाराजांना." हंडा थरथरला, भिंती काळवंडल्या. राजाच्या जिभेवर "हो" आला होता. त्याने तानूकडे पाहिलं. ती बोटं चाटत होती आणि तिच्या गालांवर रंग चढत होता.

"प्रधानजी," राजा कळवळून म्हणाला, "जेवा हो लवकर!"

प्रधान जेवला. हंड्यात उरली होती थोडी खरवड. राजाने ती खाल्ली आणि दणदणीत ढेकर दिली.

"आणखी वाढू?" येसाक्काने विचारलं.

"नको," राजा म्हणाला. सात वर्षांत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. वाढपी हुंदके देऊन रडू लागले. हंडा काठोकाठ भरून आला, आणि राजाने तिथेच हुकूम काढला की उद्यापासून वाढप सर्वांत लांबच्या वाडीपासून सुरू होईल.

महिन्याने तानू बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली वजनदार, आणि रडली अशी खणखणीत की येसाक्काला आनंदाने रडू फुटलं. तिने दार उघडून बाहेर सांगितलं, "दोघी सुखरूप आहेत. दोघींना भूक लागली आहे."

हंडा वाटेवरच होता.