इंजिनातला झेंडू

जिथे ढग रस्त्यावर उतरून विसावा घेत, अशा घाटाच्या पायथ्याच्या एका गावात निवृत्ती नावाचा एक मिस्त्री राहत होता. त्याच्या हाताला गुण होता आणि मनात भक्ती होती. इंजिन बांधून झालं, की शेवटचं झाकण लावण्याआधी तो त्याला हळदकुंकू लावी, फूल वाही, हात जोडी. मग फूल उचलून झाकण बसवी.

त्याच गावात सगुणाताई नावाच्या वृद्ध नर्स होत्या. खोऱ्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती, निवृत्तीही. त्यांची गोल पाठीची जुनी निळी मोटार कित्येक वर्षं शेडमध्ये झोपून होती. यंदा घाटमाथ्यावर कारवी फुलायचं वर्ष होतं. सात वर्षांनी एकदा सगळा डोंगर निळाजांभळा होतो आणि थोड्याच दिवसांत विझतो.

"पुढची कारवी काही माझ्या वाट्याची नाही," सगुणाताई म्हणाल्या. "एकदा माझ्याच गाडीतून वर ने मला."

पावसाळाभर निवृत्तीने ते इंजिन खोललं, धुतलं, बांधलं. आतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, लेथवाल्या केरबाकडून तासून आणला. शेवटी इंजिन उताणं ठेवून तळाचं तेलाचं चेंबर लावायचं राहिलं, तेव्हा त्याने टपोरा झेंडू वाहिला. या खेपेला मात्र तो उचलवेना. 'राहू दे,' त्याच्या मनात आलं. 'आशीर्वाद आतच असू दे.' आणि त्याने चेंबर बंद केलं.

इंजिन गुणगुणत सुरू झालं. तेलाच्या दाबाचा काटा ताठ उभा राहिला. पण घाटाच्या पहिल्या वळणावर तो हळूहळू खाली बसला. तेल पोचलं नाही, तर इंजिन कोरडं फिरून कायमचं जाम होणार. निवृत्तीने गाडी थांबवली. जरा वेळाने सुरू केली, तर काटा पुन्हा वर. चार पावलं चढली, की पुन्हा खाली.

त्याने काटा बदलला. तेल बदललं. दाबाची स्प्रिंग बदलली. काही फरक पडेना. चेंबर खोलायचा विचार त्याला शिवलाही नाही; ते तर पूजा करून बंद केलेलं. मग तो लोकांना सांगू लागला, "केरबाने क्रँक जास्त तासला. फटीतून दाब जातोय." गावाने ऐकलं. केरबाच्या लेथवर येणारी माणसं कमी झाली. वर डोंगर फुलत होता, आणि दिवस सरत होते.

नवव्या दिवशी सगुणाताई येऊन गाडीत बसल्या.

"गाडी म्हातारी झाली, ताई."

"म्हातारी तर मीही आहे. आजार सांग, वय सांगू नकोस."

"केरबाने..."

"बाळंतिणीला मी विचारायची, दुखणं कुठून सुरू झालं. शेजारणीचं नाव नाही विचारायची. डोळे मीट. तेल कुठून निघतं ते सांग."

निवृत्तीने डोळे मिटले. तो तेलाचा थेंब झाला. तळाच्या काळ्या, उबदार तळ्यात तो तरंगत होता. वर कुठेतरी चाकं गात होती, त्याला बोलावत होती. तो निघाला. पहिलंच दार होतं जाळीचं. आणि त्या दाराला झेंडूच्या पाकळ्यांचं तोरण होतं. इंजिन पळालं, की पाकळ्या जाळीला ओढल्या जात आणि दार बंद होई. थांबलं, की त्या सुटून खाली पडत.

त्याने डोळे उघडले. गुपचूप जाळी धुतली असती, तर कुणाला कळणार होतं? आणि केरबाचं नाव तसंच राहिलं असतं.

त्याने ताईंसमोर चेंबर खोललं. पाकळ्या चिकटलेली ती जाळी हातात घेऊन तो भर बाजारातून केरबाच्या लेथवर गेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "क्रँक बरोबर होता. चूक माझी."

केरबाने लेथ थांबवला. जाळी निरखून पाहिली.

"देवाला फूल डोक्यावर वाहतात, निवृत्ती. घशात नाही कोंबत."

मग पाना उचलून तो चेंबर बसवायला त्याच्याबरोबर निघाला.

दुसऱ्या दिवशी निळी मोटार ढगातून वर निघाली. माथ्यावर ढग विरला, तेव्हा आभाळच डोंगरावर सांडल्यासारखी कारवी फुलली होती. सगुणाताई गाडीतून उतरून फुलांत गेल्या. मग एक फूल खुडून त्यांनी निवृत्तीच्या हातावर ठेवलं.

त्याने इंजिनाकडे पाहिलं, हात जोडले, आणि फूल आपल्या खिशात ठेवलं. काटा ताठ उभा होता.

तात्पर्य: दोष शोधताना आपण भक्तिभावाने केलेलं कामही तपासावं; आणि तो आपल्यापाशी सापडला, तर जितक्या मोठ्याने दुसऱ्याला बोल लावला, तितक्याच मोठ्याने कबूल करावा.