आठांतली एक डॉज

"पण वस्ताद, अस्सल हाय का न्हाई, एवढंच सांगा की!"

सर्जेराव भिलारे हे तिसऱ्यांदा विचारत होता. दस्तगीर वस्ताद बाजेवर बसून बशीत चहा ओतत होते. ओतणंसुद्धा अंदाजानंच, कारण दोन्ही डोळे जाऊन चार वर्षं झाली होती.

अंगणात जुनी डॉज मोटार उभी होती. हिरवी, लांबलचक, आरशासारखी घासलेली. पुढच्या आठवड्यात पुण्याला जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं आणि सर्जेरावाला तिथं जाण्याआधी वस्तादांचा शब्द हवा होता. चाळीस वर्षांत या माणसानं त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. पाचगणीत दोन हॉटेलं झाली, मान मिळाला, पण ते एक राहूनच गेलं होतं.

आता सांगायचं म्हणजे, वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणीच्या घाटात एके काळी आठ डॉज टॅक्सी चालायच्या. सगळ्या एकाच माळेचे मणी. अमेरिकेतल्या कारखान्यात असल्या गाड्या ढिगानं बनायच्या, इकडं साहेबलोक वापरून कंटाळले की टॅक्सीवाल्यांच्या वाट्याला यायच्या. आठही गाड्या दुरुस्तीला वस्तादांच्या हाताखालून जायच्या आणि आठही ड्रायव्हर त्यांचे शागीर्द. सर्जेराव त्यांत सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात हुशार. कधीकधी वाटतं, थोडा कमी हुशार असता तर बरं झालं असतं.

"किंमत काय म्हणत्यात?" वस्तादांनी विचारलं.

"किमतीला धरबंधच न्हाई, वस्ताद. सगळ्या मुलखात अशी चालती एकच उरलीय म्हणत्यात."

"ढिगानं बनली होती ना रे ही?"

"म्हणून तर कुणी जपली न्हाई. ढिगानं मिळणाऱ्या वस्तूला कोण जपतंय? भंगारात गेल्या सगळ्या."

"गेल्या…"

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"आपल्या घाटातल्या सात कुठं गेल्या?"

सर्जेराव गाडीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नगंस, सर्जा."

"मी घेतल्या."

"सातही?"

"एकदम न्हाई. ज्याचं ज्याचं वय झालं, त्याच्याकडनं घेत गेलो. कुणाचं इंजिन चांगलं, कुणाचे दरवाजे. चांगलं चांगलं काढून ही एक केली. उरलं ते कापून टाकलं."

"कापलंस? सांगाडं तरी ठेवायचं."

"आणि दुसऱ्या कुणी नेऊन उभी केली असती म्हणजे? मग माझी एकुलती एक कशी राहिली असती, वस्ताद!"

हे तो छाती फुगवून बोलला. बोलून झाल्यावर मात्र त्याला आपलाच आवाज अंगणात फार मोठा वाटला.

वस्ताद उठले. हात पुढं करत गाडीपाशी आले आणि पत्र्यावरून बोटं फिरवू लागले.

"ह्यो दरवाजा केरबाचा. बिजागरी तुटली तवा मीच डाग देऊन जोडलेली."

"व्हय."

"बॉनेट इलाहीचं."

"व्हय, वस्ताद."

"केरबानं गाडी देताना काय मागितलं हुतं तुझ्याकडं?"

आठांतला केरबा जमदाडे गाडी देताना अंथरुणाला खिळला होता. पैसे त्यानं मोजलेही नव्हते.

"चालती ठेव म्हणाला हुता."

"आणि तू?"

"…ठेवतो म्हणालो."

वस्तादांची बोटं पत्र्यावरून पुढं सरकली. रागावले असते तर बरं, असं सर्जेरावाला वाटलं. लहानपणी पाना फेकून मारायचे, तो पाना आज हवा होता.

"ह्यात तुझं काय हाय?"

"माझं?"

"तुझ्या गाडीचं."

सर्जेरावाला आठवावं लागलं. त्याची स्वतःची डॉज आठांत सगळ्यात ठोकलेली होती. तिच्यातलं काही घेण्याजोगं नव्हतं.

"हॉर्न," तो म्हणाला. "हॉर्न तेवढा माझा."

"चल. घाटात घे."

गाडी निघाली. सातांचं घेऊन बनलेली ती लोण्यासारखी चालली होती, पण वस्तादांनी वा म्हटलं नाही. निम्म्या घाटात, जिथं वरून येणारं काहीच दिसत नाही, त्या वळणावर त्यांनी हात वर केला. डोळे नसताना त्यांना वळण कसं कळलं, देव जाणे. सर्जेरावानं गाडी कडेला घेतली.

"हॉर्न मार."

हे वळण, हा हॉर्न… आठ गाड्यांचा एक रिवाज होता. चढणाऱ्या डॉजनं इथं एक लांब हॉर्न द्यायचा, उतरणाऱ्या डॉजनं वरून दोन आखूड द्यायचे. आणि उतरणारी डॉज यायच्या वेळेला उत्तर आलं नाही, तर गाडी थांबवायची, उतरायचं, दरीत बघायचं. हा नियम वस्तादांनीच घातला होता. एका पावसाळ्यात इलाहीच्या हॉर्नला उत्तर आलं नाही. उतरून बघतो तर सर्जेरावाची डॉज खाली झाडाला अडकलेली. सातही जण कासरे बांधून खाली उतरले होते. केरबानं त्याला पाठुंगळी मारून वर आणलं होतं.

"मार की."

त्यानं हॉर्न दिला. एक, लांब. आवाज समोरच्या कड्यावर आपटून विरून गेला.

…

वरून मोटारी येत होत्या, खालून जात होत्या. नव्या, चकचकीत, रोज ढिगानं बनणाऱ्या. एका पोरीनं काच खाली करून डॉजचा फोटो काढला. "काका, भारी गाडी!" म्हणाली आणि गेली.

"परत."

त्यानं परत दिला.

वस्ताद कान वर करून ऐकत होते. इतक्या मन लावून, की क्षणभर सर्जेरावही ऐकू लागला. आत्ता येईल. दोन आखूड. केरबाचा जरा घोगरा, इलाहीचा कर्कश…

…

"परत."

सर्जेरावाचा हात उचलेना. त्यानं कपाळ स्टिअरिंगच्या चाकावर टेकलं.

"कोण देणार उत्तर, वस्ताद?" तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला. "कोण हाय आता वर? एक तरी ठेवायची हुती मी… एक तरी."

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. चाचपडत हात लांबवून त्यांनी त्याच्या बाजूचा, केरबाचा दरवाजा उघडला.

"उत्तर आलं न्हाई, सर्जा. उतर… दरीत बघ, कोण पडलंय."