रुईची फांदी

चैत्र शुद्ध दशमी. पहाटे हवेत गारवा, दहानंतर ऊन चढते, वारा पडलेला.

एकदा एक घड्याळजी अशाच सकाळी आपल्या परसात पाटावर बसून, दुकानातले भिंग डोळ्याला लावून, चवळीच्या पानांवरचे किडे चिमट्याने वेचत होता. त्याचे नाव मुकुंद. हाताचा स्थिर, नजरेचा तीक्ष्ण आणि स्वच्छतेचा विलक्षण भोक्ता. घड्याळ उघडले की त्यातला धुळीचा शेवटचा कण निघाल्याशिवाय ते मिटायचे नाही, हा त्याचा नेम. चवळीलाही त्याने तोच नेम लावला होता.

"अहो," मागच्या दारातून त्याची बायको शैलजा म्हणाली, "दुकानाबाहेर तिघं जण ताटकळलेत. काय सांगू त्यांना? मालक आज चवळी दुरुस्त करतायत म्हणून?"

"दहा मिनिटं थांब म्हणावं."

"घड्याळं बंद पडलीत म्हणून तर आलेत बिचारे. दहा मिनिटं झाली हे त्यांना कळायचं कसं?"

एरवी मुकुंद हसला असता. आज हसला नाही. नऊ वेलांपैकी तीन वेल माना टाकून बसले होते, आणि ही चवळी साधी नव्हती.

गावात भाजीपाल्याचा विषय निघाला की नानांचे नाव निघे. नाना म्हातारे झाले होते, पण त्यांच्या परसातली भाजी कधी किडली असे कोणी पाहिले नव्हते. मुकुंद तीन वर्षे दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन वाफे करणे, बी धरणे, वेल चढवणे शिकत होता. नानांची एक खास चवळी होती. तिची शेंग हातभर लांब होई आणि पिकायला लागेपर्यंत कोवळी राही. यंदा माघात नानांनी बियांचा डबा उघडला, तेव्हा आत दाण्यांपेक्षा भुंगेच जास्त. ज्यांना ज्यांना पूर्वी बी दिले होते त्यांच्याकडे नाना स्वतः फिरून आले. प्रत्येकाने शेंगांची तोंड भरून स्तुती केली. बी मात्र कोणीच राखले नव्हते. डब्यातला भुसा निवडता निवडता नऊ दाणे धड निघाले.

ते नऊच्या नऊ त्यांनी मुकुंदाच्या ओंजळीत टाकले. "माझ्या विहिरीला यंदा पाणी नाही. तुझ्याकडे नळ आहे. हे वाढले तर चवळी राहिली. नाही वाढले, तर मग आपण लोकांना नुसत्या तिच्या गोष्टी सांगायच्या."

"नाना," मुकुंद भारावून म्हणाला होता, "वेलावर एक किडा दिसू देणार नाही."

महाशिवरात्रीनंतर त्याने बी पेरले. नऊही दाणे उगवले, मांडवाच्या बांबूंवर चढले, आणि फाल्गुन सरताना कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला: काळे, टाचणीच्या टोकाएवढे किडे, एकमेकांना खेटून बसलेले. मुकुंदाने रिठ्याच्या पाण्याने पाने पुसली, निंबोळीचा अर्क फवारला. उपाय नानांनीच शिकवलेले. पण नाना जे आठवड्यातून एकदा करीत, ते मुकुंद दिवसातून दोनदा करी. मावा जाई आणि चार दिवसांनी पुन्हा हजर होई, पहिल्यापेक्षा दाट.

त्यात आणखी एक नवा प्राणी त्याच्या भिंगाला दिसू लागला. काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पायांवर तुरुतुरु पळणारा. उघड्या डोळ्यांना तांदळाच्या दाण्याएवढा, पण भिंगातून थेट सुसरीचे पिल्लू. असा भेसूर जीव काय काय खात असेल, या कल्पनेनेच मुकुंदाच्या अंगावर शहारा आला. मावा हजारोंनी होता, हे प्राणी मोजके होते. म्हणून तो रोज आधी यांना चिमट्याने पकडून रिठ्याच्या वाटीत बुडवी. आठवडाभरात ते दिसेनासे झाले. एवढे तरी यश आले, असे तो शैलजेला सांगत होता, आणि त्याच आठवड्यात पहिला वेल बसला.

दशमीच्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो नानांकडे गेला.

"सगळं केलं, नाना. रिठा केला, निंबोळी केली. पानाखाली पाहिलं, देठाशी पाहिलं. तीन वेल गेले. उरलेल्यांच्या कळ्या गळतायत."

नाना अंगणात खाटेवर बसून पाय चेपत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "बांबूवर मुंग्या आहेत?"

"आहेत. रांगच्या रांग. पण त्या पानं खात नाहीत, म्हणून मी त्यांना काही केलं नाही."

"आणि माव्याशिवाय दुसरं काही दिसतं का वेलावर?"

"छे!" मुकुंद अभिमानाने म्हणाला. "दुसरं काही ठेवलंच नाही."

नानांनी मान हलवली. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना काठी टेकीत आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर रुईची भलीमोठी फांदी होती. चीक गळू नये म्हणून तिच्या बुडख्याला फडके गुंडाळले होते.

"नाना, आज एकादशी," शैलजेने दारातूनच हाक दिली. "हनुमान जयंती पौर्णिमेला. आणि मारुतीचं देऊळ त्या अंगाला!"

"ठाऊक आहे गं. मारुतीला चांगली पानं लागतात. ही फांदी तुझ्या नवऱ्यासाठी आणलीय."

फांदी जवळ आली आणि शैलजा दोन पावले मागे सरली. फुलांचे गुच्छ, देठ, पानांची खालची बाजू, सगळे पिवळ्याजर्द माव्याने लडबडलेले होते. बोट ठेवायला जागा नव्हती. मुकुंदाने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला काही बोलता येण्याआधीच नानांनी ती फांदी सरळ मांडवात नेली, चवळीच्या शेंड्यांना भिडेल अशी बांबूला टेकवली आणि सुतळीने बांधून टाकली.

"नाना! हे काय करताय? तिथे आधीच मावा आहे!"

"दिसतंय मला."

"अहो, पण मग आणखी कशाला?"

"तुझा काळा आहे, हा पिवळा," नाना शांतपणे म्हणाले आणि त्यांनी खिशातून एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या काढल्या. प्रत्येक बांबूला, वेलासकट, जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यांनी एकेक चिंधी गुंडाळली. वर चढणाऱ्या मुंग्या चिंधीपाशी अडखळल्या आणि माघारी फिरल्या. मग नानांनी हात पुढे केला. "चिमटा दे."

"चिमटा?"

"आणि ती रिठ्याची वाटी. आठ दिवस माझ्याकडे राहतील. तू नुसतं पाणी घालायचं. मुळाशी, पानांवर नाही."

"आणि घड्याळं कशानं उघडू?"

"तुझ्याकडे एकच चिमटा आहे होय? चांगला घड्याळजी आहेस!"

नाना चिमटा आणि वाटी घेऊन निघून गेले. मुकुंदाला त्या दिवशी दुकानात चैन पडेना. म्हातारपणी नानांना काही भ्रम तर झाला नसेल ना, अशी शंका मनात आली आणि आल्याबरोबर त्याला तिची लाज वाटली. दुपारी दुकान शैलजेवर सोडून तो भिंग घेऊन मांडवात गेला. फांदी सोडून कुंपणापलीकडे फेकावी, असा विचार करून त्याने सुतळीच्या गाठीला हातही घातला होता.

तेवढ्यात त्याला रुईच्या पानाच्या कडेवर तोच प्राणी दिसला. काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा. एक नव्हे, पाच-सहा. फांदी उन्हाने मलूल होऊ लागली होती, आणि ते प्राणी तिच्यावरून उतरून चवळीच्या शेंड्यावर चालले होते. मुकुंदाचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात चिमटा नव्हता.

म्हणून तो पाहत राहिला. पुढचा प्राणी काळ्या माव्याच्या घोळक्यापाशी पोहोचला, क्षणभर थबकला, मग त्याने एक मावा तोंडात धरला आणि खाल्ला. दुसरा धरला. तोही खाल्ला. पानाला त्याने तोंडसुद्धा लावले नाही. मुकुंदाने भिंग काढले, डोळा पुसला, पुन्हा लावले. तोवर शेंड्यावर करंगळीच्या पेराएवढी हिरवी जागा मोकळी झाली होती.

तो तसाच, अनवाणी, नानांच्या घरी गेला.

"नाना, मी त्यांना बुडवलं."

"कुणाला?"

"त्या काटेरी सुसरींना. रोज. आधी त्यांनाच."

"किती बुडवल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"बरं केलंस. नाहीतर आज झोप लागली नसती," नाना हसले. त्यांनी त्याला खाटेवर बसवले. "लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा तो गोल ढालकिडा ठाऊक आहे ना? पोरं तळहातावर घेऊन फुंकर मारतात तो? ही त्याचीच पोरं. मोठेपणी देखणा होतो, म्हणून त्याला कुणी मारत नाही. लहानपणी भेसूर दिसतो, म्हणून आपल्यासारख्यांच्या हातून मरतो. भूक मात्र लहानपणीच जास्त."

"पण रुई? ती कशाला?"

"रुईवरचा मावा रुईचाच. तो चवळीला तोंड लावत नाही. खाणाऱ्याला मात्र पिवळा काय, काळा काय, दोन्ही चालतात. वसंतात रुईवर मावा भरला की ढालकिडे तिथे येऊन अंडी घालतात. मी फक्त भरलेलं ताट उचलून तुझ्या दारात आणलं. जेवणारे ताटाबरोबर आले. आणि मुंग्या काही साळसूद नाहीत बरं. माव्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्याच्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि या पोरांना हुसकून लावतात. म्हणून चिंधी."

मुकुंद खाली मान घालून बसला होता. नानांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू आळस केला नाहीस, मुकुंदा. चुकलास ते एवढंच, की बाग घड्याळासारखी साफ करायला गेलास. घड्याळात कण नको, हे खरं. पण घड्याळाला भूक लागत नाही. बागेत राहणाऱ्या प्रत्येकाला लागते. तू वेल इतका पुसून ठेवलास की राखणदाराला खायला काही उरलं नाही, आणि जो उपाशीपोटी टिकून होता त्याला तू वाटीत बुडवलंस. मावा काय, कुठूनही उडत येतो आणि चार दिवसांत भरतो. राखणदाराला वेळ लागतो. थोडा मावा वेलावर असू द्यावा. तो त्याचा पगार."

"किती असू द्यावा?"

"आता हे तुझं भिंग सांगणार नाही. रोज पाहत गेलास की समजेल."

मुकुंद घरी आला. संध्याकाळी शैलजा चहा घेऊन मांडवात आली, तेव्हा तो पाटावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काय करताय?"

"काही नाही."

"खरंच काही नाही?" ती त्याच्या शेजारी बसली. "मग मला दाखवा तरी ते भिंगातून."

त्याने भिंग तिच्या हातात दिले. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. "अगंबाई," ती म्हणाली, "हा तर माझ्या धाकट्या भावासारखा जेवतोय. मान वर नाही!"

या वेळी मुकुंद मोठ्याने हसला. पौर्णिमेपर्यंत शेंडे सरळ झाले. त्यानंतर पाचव्या दिवशी जांभळट फूल उमलले. पानांच्या मागे कुठे कुठे काळा मावा अजून होता. मुकुंद तो रोज पाही आणि पुढच्या पानाकडे वळे. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे वाफा नव्हता, तिथे त्याने रुईचे एक रोप लावले.

वैशाख वद्य अष्टमी. आभाळ निरभ्र, दुपारी कडक ऊन, संध्याकाळी पश्चिमेचा वारा. सहा वेलांवरच्या वाळलेल्या शेंगा उतरवल्या. निवडून तीनशे चौदा दाणे निघाले. दोनशे नानांकडे पोहोचवले, शंभर राखेत घालून बरणीत ठेवले, चौदा समोरच्या घरी मागितले म्हणून दिले. दोन शेंगा शैलजेने हिरव्या असतानाच भाजीत घातल्या होत्या. त्या या हिशेबात धरलेल्या नाहीत.