न भुंकणारी कुत्री

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा ढगांना डोंगर चढायचा कंटाळा यायचा आणि ते पठारावरच मुक्काम ठोकायचे. त्या दिवसांत मेंढरू कुठलं आणि ढग कुठला, हे हात लावल्याशिवाय कळत नसे.

त्या पठारावर एक कारभारी आपलं मेंढरांचं खांड घेऊन राहायचा. सोबत त्याचा मुलगा, चार गडी आणि राखणीची पंधराएक कुत्री. धुक्यात माणसाचे डोळे काय कामाचे? तिथं राज्य नाकाचं. समोरचा आपला की परका हे कुत्र्यांनी वासावरून ठरवायचं, आणि परका असेल तर दात दाखवायचे.

म्हणून पिल्लांची शाळाही कडक होती. पिल्लाचे डोळे उघडले की त्याला मेंढीचं दूध पाजत. कोकरांच्या अंगावर लोळत ते मोठं व्हायचं. खेळताखेळता ज्यानं कोकराला दात लावला, त्याला राखणीला ठेवत नसत. मग ते कितीही शूर असो.

पण दर वेळी या शाळेतून एखाददुसरं पिल्लू भलतंच निघायचं. ते ना भुंकायचं, ना चावायचं. नुसतं हुंगायचं आणि बसायचं. अशांना सगळे 'मुकी' म्हणत. मुक्यांना कधी हाकलू नये, असं कारभाऱ्याच्या आज्यानं बजावून ठेवलं होतं. का, ते सांगायचं तो विसरला, आणि विचारायचं बाकीचे विसरले. बऱ्याच रिती अशाच तर टिकतात!

तेव्हा तळावर चार मुकी होती. त्यांतली सगळ्यांत म्हातारी होती करडी.

कारभाऱ्याची सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंगाला दुसऱ्या डोंगराचा वास होता. तिनं तळावर पाय ठेवला आणि सगळी कुत्री गुरगुरत धावून आली. पोर जागच्या जागी थिजली. तेवढ्यात धुक्यातून करडी आली, कसली घाई नसल्यासारखी. तिनं नव्या लुगड्याचा काठ हुंगला आणि सुनेच्या पायांवर बसकण मारली. बाकीच्या कुत्र्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा करडीकडे, आणि ती मुकाट माघारी फिरली.

"कुत्रीला आवडलीस बघ," सासरा हसून म्हणाला. सुनेलाही तसंच वाटलं, आणि परक्या मुलखात पहिल्यांदा तिच्या जिवाला बरं वाटलं.

पुढे एका सकाळी लांडगा आला. मोठा लबाड! खांडाचा आदला तळ जिथं होता, तिथं तो लेंड्यांत आणि गळलेल्या लोकरीत मनसोक्त लोळला होता. मग मेंढरासारखी मान खाली घालून तो आत शिरला. ढाण्या म्हणून एक दांडगा कुत्रा होता, तो गुरगुरत उठला. करडीनं जाऊन लांडग्याला हुंगलं. वास घरचा आला. ती खाली बसली, तिच्याकडे पाहून ढाण्याही बसला, आणि लांडगा कारभाऱ्याची लाडकी मेंढी उचलून चालता झाला.

कारभारी संतापानं लाल झाला. "फुकटची भाकरी खाऊन बसत्यात, आन् कामाच्यालाबी बसवत्यात!"

"मामंजी, आज्याचा शब्द हाय," सून दबकत म्हणाली.

"मेंढी आज्याची न्हाई गेली. माजी गेली."

त्यानं चारही मुक्यांच्या गळ्यांत दोर बांधला आणि त्यांना नदीपलीकडच्या नावाड्याच्या स्वाधीन करून तो परत आला. आणि खरं सांगायचं, तर त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. करडी फसली होतीच.

काही दिवस मोठे बरे गेले. कुत्री अशी भुंकत की धुकंसुद्धा दोन पावलं मागं सरे. कारभारी मिशीला पीळ देत म्हणायचा, "आता कशी राखन हाय!"

मग मेंढ्या विण्याचे दिवस आले. नुकत्याच जन्मलेल्या कोकराला त्याचा स्वतःचा असा एक वास असतो, आणि तो खांडात कुणाच्याच ओळखीचा नसतो. पहिलं कोकरू थरथरत चार पायांवर उभं राहिलं, आणि ढाण्या त्याच्यावर तुटून पडला. ज्या मेंढीचं दूध पिऊन ढाण्या मोठा झाला, तिचंच ते कोकरू होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरं गेलं. ओढ्यात पडून भिजलेली एक मेंढी उशिरा परतली, तिलाही कुत्र्यांनी फाडलं. कारभाऱ्यानं कुत्र्यांना बडवलं, मग बांधून घातलं. बांधली तशी लांडग्यांना रान मोकळं झालं. सोडली की कोकरं जात. इकडे आड, तिकडे विहीर.

सुनेला तेव्हा सातवा महिना लागला होता. प्रत्येक कोकराच्या किंकाळीबरोबर तिचा हात आपोआप पोटावर जाई.

"बाळंतपनाला म्हायेरी जा तू," नवरा म्हणाला. तिचं माहेर नदीपलीकडे होतं.

"जाईन की. पन बाळाला घिऊन परत येऊ कशी?"

त्यानं नुसतं कुत्र्यांकडे पाहिलं. सून त्या दिवशी पहिल्यांदा रडली. माझं लेकरू माझ्याच घरचे राखणदार खाणार, हा विचार तिला सोडीना.

पण रडून झाल्यावर ती एका धोंड्यावर जाऊन बसली आणि कुत्र्यांकडे बघत राहिली. रोज बसू लागली. गडी म्हणाले, "सूनबाईला धुकं लागलं." लागलं तर लागलं. बघताबघता तिला एक गोष्ट दिसली. कुत्री आधी धावून जात, मग चावण्यापूर्वी क्षणभर थांबून इकडे तिकडे मान वळवत. जणू कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

मग तिला आपला पहिला दिवस आठवला. करडीला आपण आवडलो होतो, असं ती समजत होती. करडी तर बाकीच्यांना सांगत होती, हिला सोडा, ही आपली!

करडीचं निजायचं फाटकं गोणपाट एका झुडपाखाली अजून पडलेलं होतं. एका मेंढीला जुळं झालं, तेव्हा सुनेनं एक कोकरू त्या गोणपाटावर ठेवलं आणि दुसरं स्वतः उचलून धरलं. कुत्री आली. गोणपाटावरच्या कोकराला हुंगून शांत झाली, आणि तिच्या हातातल्या कोकरावर उड्या मारू लागली. ती कशीबशी मोठ्या शिळेवर चढली म्हणून ते वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं कोकरांची अदलाबदल करून पाहिलं. एकदा घडलं तर लोक योगायोग म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा तेच झालं. गोणपाटावरच्याला कुत्र्यांनी सोडलं, हातातल्यावर उड्या मारल्या.

मात्र दहिवरात भिजून गोणपाटाचा वास दिवसेंदिवस विरत चालला.

ती सासऱ्याकडे गेली. "मामंजी, मुकी आळशी न्हवती. दातवाल्यांना आवरायचं काम त्यांचं व्हतं. त्यांना परत आना."

"गोनपाटानं कुटं राखन व्हती व्हय? आन् माज्या हातानं हाकलली, ती म्याच आनू? गडी हसतील मला."

ती माघारी फिरली. कारभाऱ्यांना पटवणं आणि दगडाला पाझर फोडणं, दोन्ही सारखंच.

त्यानंतर कारभारी बहिणीकडे चार दिवस पाहुणा म्हणून गेला. बहिणीनं मायेनं त्याच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं. परतला तेव्हा त्याच्या अंगाला परक्या चुलीचा धूर होता आणि परक्या लोकरीचा वास होता. धुक्यातून तो तळाकडे येत असताना ढाण्या उठला. ज्याला त्यानं हातानं भाकरी भरवली होती, तोच ढाण्या. त्याच्यामागे बाकीची.

कारभारी ओरडला, "आरं, मी हाय! मी!" पण कुत्र्यांच्या कानात तेव्हा रक्ताची घुमघुम होती.

सून अवघडल्या अंगानं धावली आणि तिनं ते गोणपाट त्याच्यावर फेकलं. त्यात करडीचा वास जेमतेम उरला होता. कुत्री एका श्वासापुरती थबकली. तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं बापाला ओढून राहत्या पालात घेतलं. एका पायाची पोटरी मात्र फाटली होती.

दोन दिवस कारभारी तापानं फणफणला. सून पाला वाटून जखमेवर बांधत राहिली आणि 'मी सांगत व्हते' असं एकदाही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा कूस न बदलताच बोलला, "पोरी, म्हायेराहून येताना त्यांना घिऊन ये. आली तर. म्हनावं, चूक म्हाताऱ्याची व्हती."

सून माहेरी गेली. मुलगा झाला. सव्वा महिन्यानं त्याला दुपट्यात गुंडाळून ती नावाड्याच्या झोपडीपाशी आली. चारही मुकी उन्हाला बसली होती. तिनं निरोप सांगितला. बाकीच्यांनी करडीकडे पाहिलं, करडी उठली, आणि सगळी एकामागून एक नावेत चढली.

नदीवर धुकं इतकं दाट होतं की नाव पाण्यावर आहे की ढगावर, ते समजत नव्हतं. वल्ह्याचा आवाजसुद्धा कापसातून आल्यासारखा येत होता. त्या काळी नीट विचारलं तर जनावरं बोलत, पण विचारायचं कुणाच्या मनात येत नसे.

"करडे, तू भुंकत का न्हाईस?" सुनेनं विचारलं.

"भुंकायला बाकीची हायत की."

"मग त्या लांडग्याला कसं सोडलंस?"

"चुकले. वास आपला वाटला. पुन्हाबी कदी चुकंन."

"मग तुला परत न्यावं कशाला?"

करडीनं डोळे मिटले. "ते तुज्या मांडीवर हाय त्याला इचार," ती म्हणाली.

काठावर कारभारी काठी टेकून उभा होता. नातू बघायला जीव तुटत होता, पण नातवाला हातात घेऊन आपल्याच तळावर जायची त्याची छाती होत नव्हती. सून पुढे झाली. तिच्यापुढे करडी.

धुक्यातून आधी गुरगुर आली, मग डोळे आले, मग ढाण्या. त्याच्या पाठीवरचे केस उभे होते. सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिला पळायचं होतं, पण ती पळाली नाही. करडीनं दुपट्यातून बाहेर आलेला बाळाचा इवलासा पाय हुंगला, ढाण्याकडे गेली, आणि आपली म्हातारी मान त्याच्या मानेवर टाकून उभी राहिली. बाकीची तीन मुकी इतर कुत्र्यांमध्ये पांगली. कुणी कुणाला चावलं नाही, कुणी कुणाला दटावलं नाही. हळूहळू ढाण्याच्या पाठीवरचे केस खाली बसले. तो पुढे आला आणि त्यानंही तो पाय हुंगला.

तेवढ्यात बाळाला जाग आली आणि ते टाहो फोडून रडलं. असला आवाज त्या कुत्र्यांनी कधी ऐकला नव्हता. आणि एवढ्या कुत्र्यांत एकही भुंकलं नाही.

कारभारी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याचा पाय पुढे जन्मभर लंगडाच राहिला. मुकी त्यानंतरही एकदोनदा फसली, मेंढरू गेलं, म्हातारा कुरकुरला. पण दोराला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

जाणते वैद्य सांगतात, की आपल्या रक्तातही रोगाला हुसकावणारे असेच राखणदार फिरत असतात, आणि त्यांच्यात थोडे न भुंकणारे असतात. ते आहेत म्हणून आपलंच अंग आपल्याला खात नाही, आणि अर्धं परकं असलेलं बाळही आईच्या पोटात सुखानं वाढतं.

तात्पर्य : राखणीला दात लागतातच, पण ते दात आवरणारा नसेल तर राखणदारच घर खातो.