माळावरचा दगड

“पण बुवा, हा माळ आम्ही राखला हे पुढच्या पिढीला कळायचं कसं?”

विचारताना शेवंताबाईंचा आवाज जरा चढलाच. का चढू नये? खडकवाडीच्या सरपंच त्या. गावच्या बत्तीस एकर माळावर कुणाला गोदाम हवं होतं, कुणाला दुकानगाळे, कुणाला मंगल कार्यालय. बाई ग्रामसभेत पाच तास उभ्या राहिल्या. गुरं चरायची कुठं, पोरं खेळायची कुठं, पाणी मुरायचं कुठं, असं विचारून एकेकाला गप्प केलं. शेवटी गावाच्या विकास आराखड्यात लिहूनच घेतलं, की माळ मोकळा राहील. गंमत नव्हती ती!

आज माळावर मधोमध खड्डा खणून तयार होता. शेजारी काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि त्यात शेवंताबाईंचं नाव सगळ्यात मोठं. दगडाभोवती चौथरा व्हायचा होता. पहिली पाटी माती नेमाबुवांच्या हातानं पडावी अशी बाईंची इच्छा. लहानपणी त्यांनी पहिलं अक्षर बुवांपाशीच गिरवलं होतं.

खुर्ची आली. बुवा उभेच.

“बसा की बुवा. ऊन लागंल.”

“लागू दे. मी बसलो तर उद्या या जागेवर पत्रा येईल. परवा भिंती येतील.”

माणसं खो खो हसली. शेवंताबाईही हसल्या.

“चौथरा केवढा, शेवंता?”

“दहा बाय दहा. एवढ्या माळात दिसायचासुद्धा नाही.”

“हं…”

बुवांची नजर पलीकडे गेली. तरुण मंडळाचा सुदाम टेप धरून जमीन मोजत होता. बुवांनी त्याला हाक मारली.

“काय मोजतोस रे?”

सुदाम लाजला. “आमच्या मंडळाचा ओटा बुवा. दहा बाय दहाच. अक्कांचा चौथरा उरकला की लगेच घेतो. गोदामवालेही थांबलेत. म्हणाले, आधी अक्कांचं होऊ दे.”

शेवंताबाई तरातरा पुढं आल्या.

“अरे, ठराव झालाय ना! लाज वाटत नाही?”

“झालाय की, अक्का. पण पहिलं बांधकाम तुमचंच आहे ना…”

बिचारा अगदी साधेपणानं बोलला. शेवंताबाई एकदम भडकल्या, सुदामवर, मग गवंड्यावर. मग भडकायला कुणी उरलं नाही.

त्यांनी बुवांकडं पाहिलं. बुवा गवताकडं बघत होते.

…

नाव फार सुरेख कोरलं होतं. बाईंनी त्यावरून एकदा हात फिरवला. जीव तुटला त्यांचा, खोटं कशाला सांगा! मग त्यांनी पदर खोचला आणि गवंड्याच्या हातातलं खोरं घेतलं.

“अक्का, मी करतो की,” गवंडी म्हणाला.

“सर बाजूला. माझा खड्डा मीच बुजवणार. अन् तो दगड माझ्या परसात नेऊन टाक. पालथा टाक, धुणं धुवायला होईल.”

सुदामनं टेप गुंडाळला आणि तोही माती ओढू लागला. खड्डा भरला. चरायला आलेली गुरं त्यावरून पांगत गेली. बघता बघता खड्डा नेमका कुठं होता तेही कळेना.

बुवांनी विचारलं, “शेवंता, काय बांधलंस इथं?”

“काही नाही, बुवा.”

“पाच वर्षं सरपंच आहेस. इतक्या वर्षांत?”

बाईंची मान खाली गेली. आवाज पार बारीक झाला.

“काहीच नाही…”

“पुटपुटतेस काय अशी? ताठ मानेनं सांग.”