छत्तीस चिंचोके

फार जुन्या काळी, डोंगरातल्या एका राज्यात एक विद्यालय होतं. तिथे फक्त बोलायला शिकवत. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायचं, हे सगळं तीन वर्षं. जो पास होईल त्याला दरबारात निरोप सांगायची नोकरी मिळायची.

त्या विद्यालयात एका दळणवालीची मुलगी शिकत होती. तिला वडील नव्हते. आई पहाटेपासून लोकांची दळणं दळायची. जात्याचा खुंटा धरून धरून तिची बोटं सरळ होत नव्हती. शेवटच्या परीक्षेला मुलगी निघाली तेव्हा आई म्हणाली, "घाबरू नकोस. बोलायच्या आधी पाणी पी. आणि एवढी परीक्षा पास हो बाई. माझे खांदे आता ऐकत नाहीत."

त्या परीक्षेची एक रीत होती. विद्यालयाच्या खाली नदीकाठी एक वस्ती होती. दरवर्षी विद्यार्थी तिथे जायचे आणि मोठं संकट आलंय असं धरून भाषण करायचे. कोणी आग लागली म्हणायचा, कोणी वाघ आला म्हणायचा. ज्याला भाषण आवडेल तो टाळ्या वाजवायचा, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक माणसामागे गुरुजी एक चिंचोका मडक्यात टाकायचे. चाळीस चिंचोके झाले की पास. भाषण मध्येच सोडलं की नापास. ऐकणाऱ्यांना शेवटी गूळ-शेंगदाणे मिळायचे.

त्या वर्षी नेमका परीक्षेच्याच दिवशी वस्तीच्या वरच्या तलावाचा राखणदार धापा टाकत विद्यालयात आला. "बांधाला भेग पडलीय. संध्याकाळपर्यंत कसाबसा धरेल. खालच्या वस्तीला टेकडीवर जायला सांगा," एवढं सांगून तो परत बांधावर पळाला.

गुरुजी सकाळपासून मुलांची उजळणी घेऊन थकले होते. ते म्हणाले, "वेगळा माणूस कशाला पाठवायचा? ही चाललीच आहे. परीक्षाही होईल, निरोपही पोचेल."

मुलगी गुरुजींबरोबर वस्तीत पोचली तेव्हा दुपार कलली होती. ती पाणी प्यायली आणि बोलायला लागली. तलाव कसा भरलाय, भेग कशी वाढतेय, पाणी कुठून शिरेल, सगळं तिने असं सांगितलं की बायकांनी पोरांना जवळ ओढलं. मग टाळ्या पडल्या. मडक्यात चिंचोके वाजले.

पण जागचं कोणी हललं नाही.

"यंदाची पोरगी बरी आहे," एक म्हातारा म्हणाला. "मागच्या वर्षीचा वाघ अगदीच मांजर होता."

"अहो, मी परीक्षेचं नाही सांगत," मुलगी म्हणाली. "खरंच पाणी येणार आहे. उठा."

"बघा, हे तर त्याहून झकास जमलं," दुसरा म्हणाला, आणि आणखी काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाया पुढे सरकून बसल्या.

मुलगी गुरुजींकडे वळली. "तुम्ही तरी सांगा यांना."

गुरुजी उभे राहिले. "ती म्हणतेय ते खरं आहे हो."

लोक हसले. "यंदा गुरुजींना पण घेतलंय का यात?"

गुरुजी खाली बसले. मडक्यात बघून हळूच म्हणाले, "छत्तीस झालेत. चारच कमी आहेत. शेवट तेवढा कर, कदाचित त्याने उठतील. नाही उठले तरी तू पास होशील."

मुलीला शेवट पाठ होता. तिने तो रात्र रात्र घोकला होता. डोळ्यांसमोर आईची वाकडी बोटं आली. समोर लोक मांडी घालून, गूळ-शेंगदाण्याची वाट बघत बसले होते. आपण जितकं चांगलं बोलू तितके हे घट्ट बसणार, हे तिला दिसत होतं. ऊन उतरत चाललं होतं.

ती शेवट न करताच निघाली. कडेच्या झोपडीपाशी एक लुळ्या पायांची म्हातारी बाजेवर बसून ऐकत होती. मुलीने तिच्यापुढे वाकून तिला पाठीवर घेतलं.

"अगं, परीक्षेत हे पण असतं का?" म्हातारीने विचारलं.

"नाही आजी."

"मग भाषण?"

"सोडलं."

"सोडलं की नापास करतात ना?"

"हो."

म्हातारीने मान वळवून बसलेल्या लोकांकडे बघितलं. मग मुलीच्या पाठीवरूनच ओरडली, "अरे ए बसल्यांनो, पोरगी नापास व्हायला निघालीय. खोट्यासाठी कोण नापास होतं? उठा, पोरं घ्या."

तेव्हा कुठे लोक उठले. पोरं, शेळ्या, हाताला लागलं ते धान्य घेऊन सगळे टेकडी चढले. सूर्य टेकला आणि बांध फुटला. घरं गेली. भाषणात वेळ गेला होता, म्हणून बरंचसं धान्यही गेलं. माणूस मात्र एकही गेला नाही.

टेकडीवर तो म्हातारा गुरुजींना म्हणाला, "चारच कमी होते ना? आता वाजवतो की आम्ही. चार काय, शंभर घ्या."

"नको," मुलगी म्हणाली. "टाळ्या वाजवायला लागलात की तुम्ही बसता."

गुरुजी म्हणाले, "नियम माझ्या हातात नाही गं." त्यांना तिच्याकडे बघवेना.

मुलगी घरी पोचली तेव्हा तिच्या अंगाला चिखल होता आणि आवाज बसला होता. आईने तोंडाकडे बघूनच ओळखलं. काय झालं ते सगळं तिने ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "ती म्हातारी जड होती का गं?"

"होती."

"बरं. अजून एक वर्ष दळीन मी. हात-पाय धू, जेवायला बस."

तात्पर्य एवढंच, की छान बोललं तर लोक टाळ्या देतात. पण आपल्या बोलण्यासाठी आपण काही सोडायला तयार आहोत हे दिसलं, तरच ते विश्वास ठेवतात. आणि ज्यांना दरवर्षी खोटं संकट ऐकवलं, त्यांना खरं संकट सांगणं फार महाग पडतं.